पाईपवरचे तीन ठोके

११ जानेवारी १९७२
चौथा दिवस. इमारत गरम ठेवणारा बॉयलर बंदच! बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरलीय. तळघरातल्या बॉयलरवाल्याला ऐकू जावं म्हणून सगळी इमारत चमच्यांनी वाफेचे पाईप बडवतेय. घरमालक बसलाय उबेत, त्याला काय!
आणि खालच्या खोलीतला माझा धाकटा भाऊ क्लीव्ह — त्याला यात ताल सापडलाय. तीन ठोके, थांबायचं, परत तीन. आमच्या थंडीवर गाणं करणार म्हणे.
म्हटलं, "प्रेमाचं गा. आमचं कुडकुडणं कोण विकत घेणार?"
"व्हर्नेल, ज्यांचं कुडकुडणं आहे तेच घेतील. तू माझ्यामागे गा फक्त."
मी चर्चशिवाय कुठे गात नाही. मेला तोंडाळ.

१४ जानेवारी
दिवसभर ठोक ठोक ठोक. डोकं उठलं.

१६ जानेवारी, रविवार
लिहूनच ठेवते.
सकाळी टोपी घालून चर्चला निघाले तर पुन्हा तेच. तीन ठोके, थांबा, तीन. देवाच्या वारीसुद्धा! पायातला बूट काढला आणि टाच पाईपवर दाणकन हाणली. "पुरे रे क्लीव्ह!" ठोके थांबले. बरं वाटलं मला. बरं वाटलं!
संध्याकाळी क्लीव्ह दारात. कालपासून रेकॉर्डिंगच्या स्टुडिओतच होता म्हणे, आत्ता येतोय.
मग ठोकत कोण होतं?
धावत वर गेलो. माझ्या वरच्या खोलीतली मिस ऑपल जमिनीवर. कमरेचं हाड मोडलेलं, ओठ निळे. ऐंशी वर्षांची बाई, एकटी. चमचा मुठीतच.

१८ जानेवारी
बॉयलर सुरू झाला. पेपरचा बातमीदार फोटो काढून गेला ना, म्हणून.
पाईप गरम झालाय. मला हात लाववत नाही.

३ फेब्रुवारी
क्लीव्हने गाणं ऐकवलं. सुरुवातीलाच ते तीन ठोके. मग तो गातो — वर म्हातारी ठोकते, खाली कोणीच नाही.
"मालकाला चपराक आहे," म्हणाला. "दुसरा आवाज तुझाच हवा, व्हर्नेल. रडतेस का?"
"कांदा चिरत होते."
कांदा नव्हताच घरात. त्या बुटाचं अजून कोणाला सांगितलेलं नाही. चर्चमध्येसुद्धा नाही.

६ फेब्रुवारी, रविवार
चर्चला नाही गेले. इस्पितळात गेले. मिस ऑपलने माझा हात धरला, सोडेचना.
"तू खालून ठोकलंस ना पोरी, तेव्हाच म्हटलं, व्हर्नेलने ऐकलं. येतेच आता. म्हणून मग मी ठोकायचं थांबवलं."
तिथून थेट क्लीव्हच्या दारात. म्हटलं, ती ओळ बदल. खाली कोणीच नाही, असं नव्हतं. मी होते.
ती ओळ मी गाते.