पुरस्काराचं मत आणि तुरीच्या शेंगा

बदनापूर. रविवार, रात्र.

आज समीक्षक संघटनेला पुरस्काराचं मत कळवायचा शेवटचा दिवस. जालना जिल्ह्यातून सभासद मी एकटाच. घरात त्याचा तोरा कोणी चालू देत न्हाई, ही गोष्ट वेगळी.

पहिला नंबर मी त्या गाजलेल्या ग्रामीण सिनेमाला देऊनच टाकल्ता. दुपारी खात्रीसाठी लॅपटॉपवर पुन्हा लावला. शेजारी वहिनी रात्रीच्या भाजीसाठी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नायिका आडावरून पाणी आणते, तो प्रसंग आला. माझ्या परीक्षणात मी त्याला 'अस्सल' म्हटलंय. वहिनींनी एकदाच वर बघितलं. "भावजी, घागर रिकामी हाय तिची. भरल्या घागरीनं कंबर अशी सरळ राहती का?" आणि पुन्हा शेंगा.

तीनदा बघितला मी! मला कसं दिसलं न्हाई? अन् म्हणे आम्ही प्रेक्षकांना वाट दाखवतो.

मंग रागारागानं यादीतला शेवटचा सिनेमा लावला. कथाच न्हाई म्हणून मी तो बाजूला टाकल्ता. एक म्हातारा गेलेल्या बायकोच्या लुगड्यांच्या घड्या घालतो, बस. जरा वेळानं शेंगांचा आवाज येईना म्हणून वळून पाहिलं. वहिनींच्या हातात अर्धी सोललेली शेंग तशीच. सिनेमा संपेपर्यंत तशीच.

मत बदललं. पाठवलंसुद्धा. कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं: 'आज आमच्याकडे भाजीला उशीर झाला.'