महाडच्या उंदरांचं पान

२८ ऑगस्ट २०२५

पंचमी. उंदरांचं पान काढलं — मोदक, वरणभात, अळूची भाजी. शेताच्या बांधावर ठेवून आले. वर्षातून एकदा आम्ही त्यांना जेवू घालायचं, मग त्यांनी भाताला तोंड लावायचं नाय, असा करार. पाळतो फक्त आम्हीच.

शेजारचा काशीराम सुट्टीतही महाडला कामावर निघालेला. माझी नात सेजल तिथल्या दातांच्या कॉलेजात पुढचं शिकते, ती सणाला घरी आलीय, म्हणून तिच्या पिंजऱ्यातल्या उंदरांचं खाणंपाणी त्याच्याकडे. म्हटलं, "ते पण उंदीरच ना रे? त्यांनी काय पाप केलंय?"

"द्या की डब्यात, रंगूकाकी."

दिलं.

३० ऑगस्ट

सेजलने फोनला शिकवलंय — मी बोलते, तो लिहितो. मला अक्षर येत नाय, त्याला अक्कल येत नाय. जमतं आमचं.

आज तिला विचारलं, उंदरांचं करतेस तरी काय? म्हणे, त्यांना झोपवून दाढेला रेशमी दोरा बांधते. दोऱ्यापाशी घाण साठते, हिरडी सुजते, दाताखालचं हाड झिजतं. अर्ध्यांना वर साखरेचा आजारही दिलाय. म्हणजे माझीच गत — साखर, आणि हलणारे दात. माणसाचं दुखणं उंदरात हुबेहूब उतरलं, की त्यावर औषधं लावून बघता येतील.

"मग मलाच घाल की पिंजऱ्यात."

"तू मिशरी मागशील, आजी. उंदीर मागत नाहीत."

काशीराम आजही डबा घेऊन गेला. सांगतो, मोदकावर झडप घालतात.

२ सप्टेंबर

गौरी-गणपती गेले. शेवटचा डबा दिला. सेजल उद्या महाडला.

४ सप्टेंबर

सेजलचा फोन. रडत नव्हती, ते जास्त वाईट.

उंदरांची साखर वाढून कुठच्या कुठे गेलीय. आजारी केलेल्यांतले काही मान टाकून पडलेत, बऱ्याच जणांचे दोरे निसटलेत. तिच्या इरावती मॅडम म्हणतात, साखर आणणारी सुरुवातीची इंजेक्शनंच चुकवलीस. हे काम बुडालं तर परीक्षेला बसवणार नाहीत, आणि तिच्या हातात पुन्हा उंदीर देणार नाहीत.

"खाणं मी स्वतः मोजून ठेवलं होतं गं आजी. एक दाणा इकडचा तिकडे नको म्हणून."

मी म्हटलं, होईल ठीक. मोदक जिभेवर आला होता. गिळला.

५ सप्टेंबर

काशीराम आला, ओट्यावर बसला. चहा घेईना.

"काकी, बोलू नका. माझी नोकरी जाईल."

"खाणं मोजून ठेवलेलं तुला ठाऊक होतं ना?"

"होतं. पण हे देवाचं. देवाचं खाणं मोजतात काय?"

मी तरी कुठं मोजलं होतं.

६ सप्टेंबर

जेवण गेलं नाय. दोष दातांवर ढकलला.

७ सप्टेंबर

सेजल घरी आली. डोळे खोल गेलेत. उद्या मॅडमना सांगणार म्हणे, हात माझाच चुकला. दुसरं कारण सापडत नाही.

इथं मात्र मला बसवेना. सांगून टाकलं. पंचमीचं पान, गौरी जाईपर्यंतचे डबे, सगळं.

तिने एवढंच विचारलं,

"सगळ्या पिंजऱ्यांत घातलं?"

"सगळ्या. पंगतीत दुजाभाव नाय करत मी."

हसली नाय. नेहमी हसते. उठून पडवीत गेली, तिथूनच म्हणाली, "मी माझ्या हातांना शिव्या देत होते, आजी. चार दिवस."

त्यापेक्षा मला दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ सप्टेंबर

पहिल्या एसटीने महाड. सेजल नको नको म्हणत होती, मी खिडकीपाशी बसून घेतलं.

इरावती मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या. म्हटलं, "डबा माझा, बुद्धी माझी. काशीराम नुसता हमाल. आणि पोरीचा हात चुकलेला नाय."

"आजी, तुमच्या नातीचं सहा महिन्यांचं काम होतं ते."

"म्हणूनच आलेय."

त्यांनी काशीरामला बोलावलं. तो भिंतीला चिकटून उभा राहिला, पण कबूल झाला. मग मॅडम सेजलशी इंग्रजीत बोलल्या, खूप बोलल्या. मी दोघींची तोंडं वाचत होते, तेवढं येतं मला.

निकाल असा — हे सगळं बाद. नवे उंदीर आणून पहिल्यापासून करायचं. परीक्षा सहा महिने पुढं, पण काम सेजलकडंच. काशीराम राहिला, सणासुदीला पिंजऱ्यांच्या खोलीची किल्ली मात्र मिळणार नाय.

येताना सेजलने एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. पोलादपूर येईपर्यंत मी खांदा हलवला नाय.

११ सप्टेंबर

आज सकाळी मिशरी लावताना गुणगुणत होते. सुनेने डोकावून बघितलं.

१२ सप्टेंबर

काशीराम सांगत आला, नवे उंदीर सोमवारी येतायत. मी विचारलं, आणि जुने?

"काल गेले, काकी. सेजलने स्वतः कायमचं झोपवायचं औषध दिलं. मी एकेक काढून तिच्या हातात देत होतो." मग म्हणाला, "पिंजरा उघडला की पळत दारापाशी यायचे. माझा हात हुंगायचे."