सातवे प्रमाणपत्र परत घेण्याबाबत

प्रति,
मेहेरबान नोंदणी अधिकारी साहेब,
घरगुती चाकरी नोंदणी कचेरी,
लष्कर, ग्वाल्हेर.

विषय : आया शामलाबाई हिला अर्जदाराने दिलेले प्रमाणपत्र रद्द होऊन तिचे नाव नोंदीतून आजच काढले जाण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे पूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील साहेबांचे शेरे.

महोदय,

अर्जदार मधुसूदन त्र्यंबक शेवडे, नकाशे खात्यात कारकून, राहणार जयेंद्रगंज, तिसऱ्यांदा सविनय कळवितो की,

१. अर्जदाराची पत्नी गेल्या चैत्रात वारली. मुलगी लीला तेव्हा सात महिन्यांची होती. तिला सांभाळण्यास विश्वासू बाई हवी म्हणून अर्जदार आपल्या कचेरीत आला. साहेबांनी शामलाबाईचे नाव सुचवून तिची सहा प्रमाणपत्रे पुढे ठेवली. सहाही घरे प्रतिष्ठित, आणि सर्वांचा मजकूर एकच, की बाईच्या हाती मूल रडत नाही. साहेबांनी सह्या पडताळल्या, शिक्के पाहिले. मूल मात्र एकही पाहिले नाही. अर्जदारानेही पाहिले नाही. त्या दिवशी कचेरीत दोन मूर्ख समोरासमोर बसले होते, पैकी एक सरकारी खुर्चीत होता.

२. लीला खरोखरच रडेनाशी झाली. अर्जदार घरी परते तेव्हा ती निजलेली असे. "बच्ची मजेत आहे," असे शामलाबाई सांगे. अर्जदार मुलीच्या शहाणपणाच्या बढाया मारीत आळीभर हिंडला, आणि श्रावणात बाईने मागताच त्याने सातवे प्रमाणपत्र सुवाच्य अक्षरात लिहून दिले.

३. दसऱ्याला महाराज बाड्याच्या चौकातील एका परिचिताच्या गच्चीत स्वारी पाहण्यास मंडळी जमली होती. सलामीच्या तोफा सुटल्या तशी झाडून सारी पोरे भोकाड पसरून रडू लागली. लीला खांद्यावर निजून राहिली. अर्जदाराने ती चार लोकांना कौतुकाने दाखविली. शेजारच्या सुधाताईंनी तिची पापणी उघडून पाहिली आणि मग अर्जदाराकडे पाहिले. ती नजर एकदा साहेबांच्या वाट्यास यावी, अशी अर्जदाराची फार इच्छा आहे. घरी शामलाबाईच्या अंगठ्याच्या वाढविलेल्या नखाखाली अफू निघाली. तो अंगठा ती रोज मुलीस चोखावयास देई. तिने लपविलेही नाही. एवढ्या घरांनी नावाजले ते वाईट कसे, असा तिचा सवाल होता.

४. बाईस त्याच दिवशी काढले. लीला डॉक्टरीणबाईंच्या उपचाराने वाचली. अर्जदाराच्या पहिल्या अर्जावर साहेबांनी 'पाहिले' असा शेरा मारला. दुसऱ्यावर लिहिले की, सातवे प्रमाणपत्र खुद्द अर्जदाराचे असल्याने तक्रार अर्जदाराविरुद्धच होते. शेरा चतुर आहे. त्यानंतर अर्जदार त्या सहा घरी स्वतः जाऊन आला. पाच घरी मुले भेटली. सहाव्या घरी मूल राहिलेले नाही. तेथील प्रमाणपत्र मूल जाण्यापूर्वीचे असून साहेबांच्या नोंदीत अद्याप चालू आहे.

५. दरम्यान साहेबांनी अर्जदाराचेच प्रमाणपत्र सर्वांत वर ठेवून शामलाबाईला पलीकडच्या गल्लीतील सुलोचनाबाईंकडे लावून दिले. त्यांचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. अर्जदार त्यांना सांगावयास धावला, तर त्यांनी तोच कागद पुढे केला. "हे अक्षर तुमचंच ना? मग तुम्हाला बाई परत पाहिजे, सीधी बात आहे." अर्जदार शपथा घेऊ लागला तेव्हा त्यांनी दार लावून घेतले.

६. आता साहेबांच्या शिक्क्याचा कागद दाखविल्यावाचून त्या ऐकणार नाहीत. अर्जदाराने मुलीकडे न पाहता खोटे प्रमाणपत्र दिले, असा शेरा साहेबांनी खुशाल मारावा व अर्जदाराच्या खात्यास कळवावा. नोकरी गेली तरी तक्रार नाही. साहेबांची कातडी शाबूत राहील अशा शब्दांत लिहिले तरी चालेल, फक्त आज लिहावे.

७. काल सायंकाळी सुलोचनाबाई झाले गेले विसरून अर्जदाराच्या दारी पेढे देऊन गेल्या. चार दिवसांत बाळाने जराही त्रास दिला नाही, म्हणाल्या. काल सकाळपासून तर ते दुधालासुद्धा उठलेले नाही.

कचेरीच्या पायरीवर उत्तरासाठी बसलेला,
आपला नम्र,
मधुसूदन त्र्यंबक शेवडे
ता. १८ नोव्हेंबर १९३१

सोबत : १. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
२. सहा घरांचे पत्ते.