उपाशी शेवाळ आणि तिसरी बाटली

निरवांगी,
शुक्रवार

ती. मोहनमामांना,

माधवीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? (मागच्या पत्रात मी डावा लिहिलं होतं, नंतर डायरी चाळली तर उजवा निघाला. क्षमा असावी.) मामींना आणि प्रगतीला आठवण सांगा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. 'सगळे' लिहिल्यावर मला थांबावं लागतं, कारण सासूबाई, म्हणजे तुमच्या छबूअक्का, दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत आणि चूक कोणाची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझं पीएचडीचं शेवाळ तुम्ही ऐकून आहात. खरं तर त्याला शेवाळ म्हणणं बरोबर नाही, ते निळसर हिरवे जिवाणू आहेत; पण घरात तेच नाव पडलं आणि चौथ्या वर्षी मीही हट्ट सोडला. (सोडायला नको होता का?) हे जीव उजेडावर जगतात आणि हायड्रोजन सोडतात. तो जाळला तर धूर होत नाही, नुसतं पाणी होतं. फक्त सोडतात फारच थोडा. तो वाढवायचा कसा, हा माझा विषय. उपाय असा, की त्यांना नत्र द्यायचं नाही. मग बिचारे हवेतलं नत्र पकडायची यंत्रणा उभी करतात. तेव्हा आपण बाटलीतली हवाही काढून घ्यायची आणि तिथे कशातच भाग न घेणारा आर्गॉन वायू भरायचा. पकडायला काही न उरल्यामुळे ती यंत्रणा हायड्रोजन करत बसते. कागदावर हे शास्त्र आहे. आईंना समजावताना मात्र माझ्याच कानांना तो सासुरवास वाटला.

दिवाळीच्या सुट्टीत बारामतीला आमच्या कॉलेजात रंगकाम निघालं, म्हणून तीन बाटल्या बुचं घट्ट लावून घरी आणल्या आणि ओसरीत ठेवल्या. तिघींना सारखीच उपासमार. चौथ्या दिवशी त्या पिवळसर पडल्या, पडायलाच हव्यात. पण आईंनी जन्मभर ऊस आणि डाळिंब सांभाळलं. पिवळं पान दिसलं की त्यांचा हात आपोआप युरियाच्या गोणीकडे जातो. परवा मी बुचांतून सुई घालून वायू काढला आणि कॉलेजातल्या यंत्रावर तपासून आणला (त्या खोलीला अजून रंग लागला नव्हता), तर पहिलीत नेहमीइतका हायड्रोजन आणि दुसरीत शून्य. दुसरी दिसायला अशी हिरवीगार, जणू लसूणघास. आईंना विचारलं, तर सरळ म्हणाल्या, "चिमूटभर युरिया घातला, व्हय. सणासुदीचं उपाशी ठिवायचं का कुणाला? शिकल्यालं डोळं हायती तुझं, दिसत न्हाय?" मी आवाज चढवला. चढवायला नको होता, कारण पिवळ्या पिकाला नत्र द्यावं हे अकरावीच्या वर्गात मीच शिकवते.

इथवर मला कळतं. कळत नाही ती तिसरी बाटली. तिच्यात पहिलीच्या सहापट हायड्रोजन आहे. तीनदा मोजला. यंत्र बंद करून, चहा पिऊन पुन्हा मोजला. आईंना विचारलं, तिसरीत तुम्ही काय घातलंत? "तिसरीला मी बोट लावलं आसंल तर झडू दे." तेव्हापासून अबोला.

सोमवारी समितीपुढे जायचं आहे. मुदत दोनदा वाढवून झाली. या वेळी वाढलेला आकडा दाखवला नाही तर नाव कमी होणार. आता आकडा आहे, कारण नाही. आमच्या विभागातली स्वप्नाली म्हणते, "मॅडम, तुमचा विषय हायड्रोजन वाढवायचा ना? वाढला की! आता कशाला त्याला खोदून विचारताय?" काल मी वहीत 'तिसऱ्या बाटलीला उजेड जास्त मिळाला असावा' असं लिहिलं. अक्षरही छान आलं. सकाळी खोडलं, कारण ती खांबाच्या सावलीत होती. मग वाटलं, सावलीमुळेच वाढला असेल तर? तेही लिहिलं. तेही खोडलं.

आपली,
माधवी

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. आई तुमच्याजवळ मन मोकळं करतात. हे उद्या वडगावला पत्र घेऊन येतील, त्यांच्याबरोबरच इकडे या आणि तिसरीत काय घातलं ते आईंकडून काढून घ्या. (फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं, मी ओरडून सांगितलं तर आधी त्यांनाच कळायचं.)

ता. क. दुसरा. पाकिटावरचं नाव वाचून आईंनी अबोला सोडला. म्हणाल्या, "मोहनला काय इचारतीस? त्येनंच काकवी घातली तिसरीत. भाऊबीजेला आल्ता, तू माहेरी गेल्तीस. म्हणला, अक्का, युरियानं कुणाचं पोट भरतंय व्हय? गोडधोड दे." मग हे मला परवाच का सांगितलं नाहीत? "तू इचारलंस, मी काय घातलं." प्रश्नच माझा चुकला होता, मामा.

ता. क. तिसरा. तेव्हा आता विनंती बदलते. चमचा चहाचा होता की वाढायचा? बूच लगेच लावलंत, की उघडं ठेवून गप्पा झाल्या? चमचा आधी चाटला होतात का? (रागावत नाही. पण काकवीवर हायड्रोजन सोडणारे दुसरेच जिवाणू माजले असतील, तर तो हायड्रोजन माझ्या शेवाळाचा नाहीच.) आठवत नसेल तर आठवत नाही असंच सांगा. मला बरं वाटावं म्हणून अंदाजाने चमचे सांगू नका. सांगितलेत तर मी ते लिहून टाकीन.