मामाजींचं इंग्रजी

११ ऑक्टोबर १९४३, सोमवार

आज मामाजी कारखान्यातून आले ते सायकल भिंतीला न टेकवताच आत आले. सायकल अंगणात आडवी. पाणी दिलं तर तांब्या तसाच हातात. मग म्हणाले, "सूनबाई, मला इंग्रजी शिकव."

माझ्या सासऱ्यांना साठावं लागलंय. घरी बसायचे दिवस, पण लढाई आली आणि कारखान्यानं पुन्हा लेथच्या यंत्रावर उभं केलं. आणि आता इंग्रजी! मला हसू आलं. त्यांना नाही.

सासूबाई तुळशीपाशी गेल्यावर हळू आवाजात सांगितलं. पलीकडच्या गल्लीतल्या शालिग्रामच्या घरी दुपारी तार आली. त्याला वाचता येईना. तो ती घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर गेला. कंपाउंडरनं मोठ्यानं वाचली, डेथ म्हणाला, मग हिंदीत समजावून सांगितलं. दहा-बारा माणसं उभी होती. मुलगा गेल्याचं बापाला त्या सगळ्यांच्या नंतर कळलं.

"सगळ्यांच्या नंतर," मामाजी दोनदा म्हणाले.

आमचे हे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर आहेत, मोटारदुरुस्तीच्या पथकात. उद्यापासून शिकवते, म्हटलं.

१३ ऑक्टोबर

अक्षरं त्यांना येतात. नकाशांवरून जॉब, म्हणजे लोखंडाचे सुटे भाग, कापता कापता ए-बी-सी कधीच पाठ झाली आहे. शब्द मात्र येत नाहीत. कोणते शिकायचे ते त्यांनीच सांगितलं — जखमी, हरवला... तिसरा सांगेनात. मीच पाटीवर लिहिला. डी-ई-ए-टी-एच.

त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "यात ए काहून आहे? ऐकू तर येत नाही."

असतो, म्हटलं. बोलत नाही फक्त.

१७ ऑक्टोबर, रविवार

आज शिकवणी उलटी झाली.

मी सांगत होते — डाय म्हणजे मरणे, डेथ म्हणजे मरण, डेड म्हणजे मेलेला. मामाजी एकदम ताठ बसले. म्हणाले, नाही, डेड मला माहीत आहे. तीस वर्षं रोज बोलून राहिलो. लेथला एका बाजूचं सेंटर जॉबबरोबर फिरतं, दुसऱ्या टोकाचं फिरत नाही. ते डेड सेंटर. त्याच्याच आधारानं जॉब सरळ राहतो. त्याला ग्रीस द्यावं लागतं, नाहीतर जळतं. "मेलेलं कसं असेल? सगळा भार तर तेच घेते."

मग एकेक निघायला लागलं. सगळ्यात बारीक दाताची कानस — डेड स्मूथ. तिच्यानं घासलं की लोखंडात तोंड दिसतं. कारखान्यात मालगाडी शिरते तिथे पाटी — डेड स्लो. ऑफिसातली खुर्च्या-टेबलं ज्या वहीत लिहितात ती डेड स्टॉक. मामाजींच्या डोक्यात डेड म्हणजे स्थिर, अगदी बारीक, अगदी सावकाश. त्यात मरण कुठेच नाही!

मी बी.ए. झाले. मला यातलं एकही माहीत नव्हतं.

२ नोव्हेंबर

मी शिकवते त्या शाळेत मोठ्या बाई म्हणाल्या, "आय अ‍ॅम डाइंग फॉर अ कप ऑफ टी." घरी येऊन मामाजींना सांगितलं. त्यांना वाटलं बाई आजारी आहेत. अर्थ कळल्यावर म्हणाले, चहासाठी कोणी मरते का? मग मी वहीत लिहून दिलं — डेड टायर्ड, खूप थकलेला. डेड शुअर, अगदी खात्रीचा. बोअर्ड टु डेथ, फार कंटाळलेला. ज्या पत्राला ना धनी ना पत्ता, ते डेड लेटर.

"इंग्रज दिवसातून किती वेळा मरते," मामाजी म्हणाले. "आपल्यात नाही असं."

तेवढ्यात सासूबाई आतून — मेलं दूध उतू गेलं! आणि त्यापाठोपाठ मांजरीला — मर मेले, तिकडे हो. मामाजी माझ्याकडे बघून हसले. कितीतरी महिन्यांनी.

खरंच, आपणही काय कमी आहोत? मरणाची थंडी. मरमर काम. मरू दे, सोड. एवढ्या तेवढ्याला मरण तोंडात, पण माणूस खरा मेला की तो शब्द नको होतो. मग गेले. वारले. देवाघरी गेले.

९ जानेवारी १९४४

ह्यांचं पत्र! पंधरा डिसेंबरचं. अर्ध्या ओळींवर सेन्सॉरची काळी शाई. उरलेल्यात — चिखल, आमच्या गाड्या डेड स्लो, आपल्याकडच्या पनागरच्या मटारची आठवण येते, वसुधाचं लग्न ठरलं का. वसुधा माझी धाकटी बहीण. इतक्या लांबून तिची काळजी!

डेड स्लो मामाजींनी स्वतः वाचलं. बोट ठेवून. मग पत्र खिशात घालून कारखान्यात घेऊन गेले. शिष्यानं गुरूचं पत्र पळवलं.

२६ मार्च

पत्र नाही. दोन महिने.

२० एप्रिल

सकाळची शाळा सुटून साडेअकराला आले. मामाजी ओट्यावर बसलेले. दुसरी पाळी, तरी कामाचे कपडे आधीच घातलेले. हातात तार.

"मी वाचली," म्हणाले.

आत सासूबाई भाजी चिरत होत्या. मामाजींनी त्यांना सांगितलं होतं — आपला श्याम जखमी आहे, इस्पितळात आहे. मला तार दिली. मिसिंग, बिलीव्हड किल्ड.

ऊन होतं. मला आठवतं ते एवढंच, की ओट्याचा दगड तापला होता आणि मी त्यावर हात टेकून उभी होते.

मामाजी म्हणाले, "मिसिंग कळलं. किल्ड कळलं. मधला शब्द तू शिकवला नव्हता."

मी सांगितलं. बिलीव्हड — मानलं जातं.

"कोणी मानलं?"

ते लिहिलेलं नसतं, म्हटलं.

"मानणाऱ्याचं नाव नाही?"

नाही.

त्यांनी तार घडी करून खिशात ठेवली. "मग माझं नाव त्यात धरू नको," म्हणाले, आणि सायकल काढून कामावर गेले. मी आत जाऊन पोळ्या केल्या. सगळ्या जळल्या.

२१ एप्रिल

कुंकू लावायला हात वर गेला आणि तिथेच राहिला. मग लावलं.

११ जून

शिकवणी बंद आहे. मीच म्हटलं डोकं दुखतं.

इथे खरं लिहिते. कधी कधी वाटतं, मानून टाकावं. रडून घ्यावं एकदा. हे जे मधलं आहे — ना धड इकडे ना धड तिकडे — याला कोणत्याच भाषेत शब्द नाही. आणि असं वाटलं की लगेच ह्यांची मान खाली घालून हसायची सवय आठवते. आपणच ह्यांना ढकलून दिलं असं वाटतं.

१९ ऑगस्ट

आज तांदूळ निवडताना सासूबाई सहज म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी सूप खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, जखमी एवढंच असतं तर मामाजींना ती तार वाचायला इतका वेळ लागला नसता. तीनदा वाचली. तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

चार महिने! चार महिने आम्ही दोघं त्यांना खोटी खोटी इस्पितळाची खबर देत होतो. जखम भरतेय, जेवण जातंय. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"तुम्ही दोघं माझ्यासाठी इतकं करून राहिले," म्हणाल्या, "म्हटलं करू द्यावं."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सूप लवंडलं. पोटभर रडले. त्या माझे केस सोडवत बसल्या. तांदूळ मग संध्याकाळी मामाजींनी वेचले — काही न विचारता.

१४ नोव्हेंबर

लष्कराच्या ऑफिसातून फॉर्म आला. पत्नीनं सही करायची. प्रिझ्युम्ड डेड — मेला असं धरून चालावं. म्हणजे पुढचं सगळं सुरू होईल, पेन्शन वगैरे. डेट ऑफ डेथ समोर त्यांनीच एक तारीख टाइप केली आहे. मी त्या दिवशी काय करत होते ते आठवून पाहिलं. सहावीला धडा शिकवत होते. हसलेही असेन.

नागपूरहून बाबांचं पत्र — सही करून टाक पोरी, आणि इकडे ये. अजून आयुष्य पडलंय.

१७ नोव्हेंबर

मामाजींनी फॉर्म मागून घेतला. दोन संध्याकाळी पेन्सिल घेऊन एकेक शब्द लावत बसले. मला फक्त चार शब्द विचारले. आज दौत-टाक माझ्यासमोर ठेवला.

"तुझी सही तुझी आहे, बेटा. तू केली तर मी रागावणार नाही. तुझी आई पण नाही रागावणार." सासूबाईंना ते माझी आई म्हणाले. मग विचारलं, "यात बापाची जागा कोठे आहे?"

मी शोधलं. नव्हती.

तेव्हा त्यांनी टाक घेतला आणि फॉर्मच्या तळाशी, कोऱ्या पट्टीत, नकाशावर असतात तशी एकेक उभी अक्षरं काढली. लेथवर जॉब असावा तसा श्वास धरून. आय अ‍ॅम फादर. आय नॉट बिलीव्ह.

मध्ये डू हवा होता. मी सांगितलं नाही. सहीही केली नाही. तसाच पाकिटात घालून मी तो स्वतः पोस्टात टाकून आले.

५ फेब्रुवारी १९४५

फॉर्म परत. सोबत चिठ्ठी — शेरा विहित जागी नाही. मामाजी म्हणाले, विहित जागा करा म्हणावं.

२२ एप्रिल

मामाजींचा खोकला वाढला आहे. कारखान्यातून आठ दिवस सुट्टी. आज पडल्या पडल्या म्हणाले, "सूनबाई, मी म्हातारा आहे, मला हट्ट करून चालते. तू मानलं तरी चालेल. मी काही म्हणणार नाही."

मी म्हटलं, मामाजी, तुमचं स्पेलिंग अजून कच्चं आहे. बरे व्हा, परत सुरू करू.

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. मी काढा आणायला उठले, म्हणजे त्यांना मोकळं रडता येईल.

७ मे

इंग्रजांनी रंगून घेतलं. शाळेत सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या.

२ जून

कलकत्त्याच्या लष्करी इस्पितळाचं पाकीट. आतला कागद मराठी, अक्षर अनोळखी, लहान मुलासारखं वाकडं. मामाजींनी उघडलं आणि वाचवेना म्हणून माझ्याकडे दिलं. मला पहिल्या दोन ओळी दिसल्या, मग पुढचं काही दिसेना —

"प्रतिमा, डाव्या हातानं लिहितो आहे. उजवा जपान्यांच्या कैदेत असताना गेला. बाकीचा मी येतो आहे."