मोजे वाळेपर्यंत

सोमवार, ४ तारीख. सकाळ.
नात आली! बॅग, लॅपटॉप आणि सर्दी घेऊन. रविवारपर्यंत राहणार. ऑफिसचं काम आहे म्हणते. मला काय कळत नाही? आजीची आठवण आली असं तोंडावर कोण सांगतं!
नवी वही काढली. चौथी पास बाईलाही आनंद लिहून ठेवता येतो.

संध्याकाळ.
काम समजावून घेतलं. दवाखान्यांतल्या पेशंटच्या नोंदी ज्या मशीनवर असतात, ते मोठं सेंटर तिच्या शहरात. तिथल्या विजेच्या वायरी बदलतायत, म्हणून ते आठवडाभर ठरवून बंद. तोवर सगळं चालणार इथल्या राखीव सेंटरवरून. माझ्या घरापासून चार स्टॉप! वायरी झाल्या की काम परत तिकडे न्यायचं. मी म्हटलं, इथं नीट चाललं तर न्यायचं कशाला? म्हणाली, आजी, ती मूळ जागा. ही फक्त अडीनडीला.
बघू.

मंगळवार, ५.
निश्चय: कधी जाणार हे तिला विचारायचं नाही.
चहाच्या आधीच विचारलं. रविवारीच, म्हणाली.

बुधवार, ६.
खालच्या शिंपीणबाईकडे नातीच्या खोलीचे पडदे शिवायला टाकले. म्हटलं, नात आता इथंच राहणार. ती म्हणाली, असं ती म्हणाली का? मी म्हटलं, माणसाला सगळं बोलूनच दाखवावं लागतं होय? बाईच्या जिभेतसुद्धा टाचण्या.
आज रेडिओ लावला नाही. एरवी लावते तो बातम्यांसाठी. स्वयंपाकघरात. आणि आंघोळीच्या वेळी. आणि जेवताना.

गुरुवार, ७.
नात आली ती कानात यंत्र घालून बोलतच बसली. माझ्याशी नाही. पण माझ्याच खोलीत, हे महत्त्वाचं.

शुक्रवार, ८.
परत नेण्याची आज तालीम होती. फसली! आठवड्यात इथं जे जे लिहिलं गेलं, ते सगळं तिकडे उतरून तंतोतंत जुळावं लागतं. साडेतीनशे नोंदी कमी भरल्या. नात डोकं धरून बसली. मी म्हटलं, फार वाईट झालं गं. आणि आत जाऊन तिच्यासाठी नवा टॉवेल काढला.

शनिवार, ९.
सापडल्या मेल्या. साडेतीनशेच्या साडेतीनशे. नातीनंच शोधल्या. माणसानं इतकं हुशार असू नये.
उद्या बारा वाजता फोनवर सगळ्यांची मीटिंग. प्रत्येकाला विचारणार, तयार? सगळे तयार म्हणाले तरच काम हलणार. एकानं जरी नाही म्हटलं, तर थांबून त्याचं कारण ऐकायचं. तसा नियमच आहे. मी तो दोनदा विचारून घेतला. नात म्हणाली, आजी, तुला बरा इंटरेस्ट आलाय!
कारणं पाठ करायला घेतली.

रविवार, १०. संध्याकाळ.
मीटिंग माझ्याच जेवणाच्या टेबलावर, फोन स्पीकरवर. त्यांच्या साहेबीणबाई एकेकाला विचारत होत्या. नेटवर्क? तयार. वीज? तयार. नातीची पाळी आली. ती तोंड उघडतेय तोच मी मागून ओरडले, नाही!
साहेबीण म्हणाल्या, कोण बोललं? नात टोमॅटोसारखी लाल. मी पुढे झाले. म्हटलं, मी, हिची आजी. त्या म्हणाल्या, बोला, काय अडचण आहे?
इथली वीज कधी जात नाही, हवा चांगली, घर चार स्टॉपवर, सगळं घोकलं होतं. त्यातलं एक आठवेल तर शपथ. तोंडातून निघालं, तिचे मोजे वाळले नाहीत अजून.
पलीकडे सगळे फिदीफिदी. साहेबीण मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, आजींची हरकत लिहून घ्या. दहा मिनिटं थांबू.
दहा मिनिटं! एवढे सगळे दवाखाने माझ्या दोरीला लटकले होते.
नातीनं फोन पालथा ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, आजी, तू पण ना. आठवडाभरातलं तेवढंच आमचं गप्पाष्टक.
मग ती तयार म्हणाली. पाऊण तासात सगळं तिकडे. एक नोंद हरवली नाही. चारच्या गाडीनं तीही तिकडे.

मंगळवार, १२.
राखीव सेंटरपर्यंत फिरून आले. सहज. गुडघ्यांना चांगलं असतं. वॉचमन म्हणाला, आत आता कुणी नाही, पण मशीन चालूच असतात. तिकडे लिहिलेलं सारखं इकडे उतरत राहतं. कधी गरज लागेल सांगता येत नाही, म्हणून कायम तयार राहायचं. दर सहा महिन्यांनी कुणीतरी येऊन तपासतं.
सहा महिने काय, बघता बघता जातात! पडदे आले. लावले.

बुधवार, १३.
तिचे मोजे दोरीवरच राहिलेत! विसरेल कशी? मुद्दाम ठेवलेत, परत यायला निमित्त. लगेच फोन केला. म्हणाली, अगं टाकून दे ते, भोक पडलंय. आणि सहा महिन्यांची तपासणी? ती आता तिच्या ऑफिसातूनच होते म्हणाली, कुणाला यावं लागत नाही.
बरं झालं. पोरीची तेवढीच दगदग वाचली.
रेडिओ लावला. बातम्यांसाठी.
मोज्याचं भोक रफू केलं. शोधून सापडणार नाही. मग पुन्हा धुतले. हवा दमट आहे, वाळायला वेळ लागेल.