शेवटची पैज कधी बघावी

४ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तू शिकवलेल्या पोकरने माझी ऑफिसात शोभा केलीय. जेवणाच्या सुट्टीत आम्ही नकाशांच्या टेबलावर पैशांऐवजी काड्या लावून खेळतो. ब्लाइंडची पाळी आली, म्हणजे पत्ते बघण्याआधीच काड्या टाकायच्या असल्या, की माझी गाळण उडते. शेवटचं पान उघडलं की साहेब मोठी पैज लावतात आणि मी मुकाट पत्ते टाकते. नाहीतर आधीच काड्या गेल्यात म्हणून हट्टाने साहेबांएवढ्याच काड्या टाकून त्यांचे पत्ते बघायला जाते आणि तोंडावर आपटते. नेमकं कधी बघावं?

बढतीची परीक्षा पंचवीसला आहे. आईमागे मला रागवायचा हक्क तुझाच, तो सोडू नकोस.

तुझी खारू

११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

टाकलेल्या काड्या गेल्या, त्या तुझ्या राहिल्या नाहीत. त्यांच्यासाठी बघायचं नाही. समोरचा जे भासवतोय ते पहिल्या पैजेपासून जुळतं का, एवढंच पाहा. आधी दबकत खेळलेला माणूस शेवटी एकदम छाती काढतो, तेव्हा मधल्या चाली आठव. ढीग मोठा आणि बघायला थोडंच लागत असेल, तर दोनदा हरून एकदा जिंकलीस तरी पुष्कळ.

आमचा रविवारचा डाव चालू आहे. हल्ली पत्ते शिंपीच पिसतो. दुकानात दुरुस्तीला येणारी बायकांची नाजूक घड्याळं भागीदाराकडे सरकवलीत, मी भिंतीवरची बघतो. दुरुस्तीला टाइपरायटर आलाय, तो चालतो का पाहायला हे पत्र त्यावर.

माझी प्रकृती ठणठणीत, हात तर दगडासारखे स्थिर. परीक्षा सोडून इकडे फिरकू नकोस. अभ्यास कर आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

मामा

१७ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न.

साहेबांची पैज तीनदा बघितली. दोनदा हरले, तिसऱ्यांदा त्यांच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. त्यांचा चेहरा बघायला तू हवा होतास.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. पत्त्यांना कुणाला हात लावू न देणारा तू ते शिंप्याला देतोस. नाजूक घड्याळं म्हणजे तुझा जीव, ती भागीदाराकडे. मला कायम शाईने लिहिणारा तू टाइप करतोस. आणि मी विचारलेलं नसताना हात दगडासारखे! मामा, हे जुळत नाही. मला भीती वाटतेय.

मी बघायला येतेय. परीक्षा पुढच्या वर्षी देईन. माझं चुकलं तर वर्षभर चिडव, या वेळी हरायला मला आवडेल.

तुझीच, रागावलास तरी तुझीच,
खारू

२१ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

हे हाताने लिहितोय, म्हणून ओळी अशा. सकाळी बसलो, आता दुपार झाली. उजवा हात चार महिने थरथरतोय. थांबेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. गेल्या महिन्यात एका बाईंच्या घड्याळाची स्प्रिंग माझ्या चिमट्यात मोडली, तेव्हापासून दुकानात नुसता बसून असतो. तुझ्या परीक्षेच्या आड यायचं नव्हतं. आणि तुझ्यासमोर चहा सांडायची लाज वाटत होती.

येऊ नकोस, असं लिहायला कागद घेतला होता. तसे तीन फाडले.

लवकर ये.

मामा